मानसशास्त्र विभागाच्या आईचं नाव

जून महिन्याच्या दुसऱ्या सोमवारी सीनातीर विद्यापीठाच्या मानसशास्त्र विभागाने स्वतःच्याच एम.ए. भाग एकच्या वर्गात प्रवेश मिळावा म्हणून अर्ज केला.

त्यात हौस वगैरे काही नव्हती. जो विभाग जी पदवी देतो ती पदवी त्या विभागापाशी असलीच पाहिजे, असा नियम विद्यापीठानं तीन वर्षांपूर्वी केला होता, आणि खरं सांगायचं तर त्यात चुकीचं काय होतं? स्वतः न शिकता दुसऱ्याला शिकवायला बसू नये, हे कुणालाही पटेल. रसायनशास्त्र विभाग पहिल्यापासून हुशार, तो पहिल्याच वर्षी बहिःस्थ बसून पहिल्या वर्गात सुटला. मराठी विभागाचा भाषाविज्ञानाचा पेपर तिसऱ्यांदा राहिला होता आणि त्यामुळे तो हल्ली कुणाशी धड बोलत नव्हता. मानसशास्त्र विभाग मात्र आज करू, उद्या करू म्हणत बसला. दुसऱ्यांची चालढकल कशी घालवावी यावर त्याच्याकडे चौदा प्रबंध होते. शेवटी मुदतीचं वर्ष उजाडलं. शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत प्रवेश झाला नाही तर विभाग बंद होणार होता, शिक्षक शिक्षणशास्त्राकडे जाणार होते आणि खोल्या शारीरिक शिक्षणवाल्यांना मिळणार होत्या. ते सोमवारीच येऊन कुठं काय ठेवायचं ते टेपनं मोजून गेले होते.

अर्ज भरायला विभागाबरोबर शरयूबाई नाईकनवरे गेल्या होत्या. शरयूबाई विभागातल्या प्रयोगशाळा सहायक. आरशात बघून चांदणी काढायची पेटी, दिवा लागल्यावर बटण दाबायचं यंत्र, लाकडी भूलभुलैया, हे सगळं त्यांच्या ताब्यात. पण त्यांचा जीव होता तो बुधवारात. विभागात एम.ए. होतं, समुपदेशनाची एक वर्षाची पदविका होती, पीएच.डी. होती, आणि दर बुधवारी गावातल्या कुणीही यावं, बोलावं, असं मोफत सल्ला केंद्र होतं. एकोणतीस वर्षांपूर्वी शरयूबाई स्वतः तिथं आल्या होत्या. त्यांची आठ महिन्यांची मुलगी गेली होती आणि त्यानंतर त्यांची वाचा बसली होती. तीन बुधवार त्या नुसत्या बाकावर बसून राहिल्या. चौथ्या बुधवारी त्या म्हणाल्या, "इथं केर कोण काढतं हो? कोपऱ्यात किती जाळी झालीत!" दुसऱ्या महिन्यापासून त्या तिथंच कामाला लागल्या. तेव्हा विभाग बंद होणार म्हटल्यावर त्यांच्या तोंडचं पाणी पळालं नसतं तरच नवल.

प्रवेशाच्या खिडकीत गवंडी नावाचे कारकून होते. माणूस सरळ. कुणाचं अडवायचं नाही आणि कुणाला सोडायचं नाही, अशा बेतानं त्यांनी तेवीस वर्षं काढली होती.

"जन्मतारीख?"

"अकरा जुलै एकोणीसशे चौसष्ट," विभाग म्हणाला. त्याचा आवाज खालचा आणि थोडा घोगरा होता.

"पुरावा?"

"विद्यापीठाचा ठराव क्रमांक एक्केचाळीस."

"मूळ प्रत आणि दोन झेरॉक्स. शाळा सोडल्याचा दाखला?"

"शाळेत गेलो नाही."

"मग गॅप सर्टिफिकेट लागेल. साठ वर्षांचं एकच चालेल, वेगवेगळी नकोत." गवंडींनी खूण केली. "वडिलांचं नाव, सीनातीर विद्यापीठ. बरोबर. आईचं नाव?"

हा रकाना यंदाच नवा आला होता.

"तिथंही विद्यापीठच लिहा," शरयूबाई म्हणाल्या.

"ते वडील झाले बाई. एकच नाव दोन्ही रकान्यांत संगणक घेत नाही. मी माझ्याकडून घेतलं असतं."

"मला आई नाही," विभाग म्हणाला. "मी ठरावातून झालो."

गवंडींनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "ठरावाला सूचक लागतो, अनुमोदक लागतो. ते मी बघत नाही. पण झालात म्हणजे कुणापासून तरी झालात. शुक्रवारी पाचपर्यंत नाव आणा. तिची सही आणा. पुढचा कोण?"

आता घोडं इथंच अडलं होतं, आणि ते का अडलं हे समजायला त्या विभागाची एक रीत सांगितली पाहिजे. विभागाची 'आमचा इतिहास' नावाची चार पानी पुस्तिका होती. नवा प्रमुख आला की तो पुस्तिका नव्यानं काढायचा. पानं चारच, वाढवायला मंजुरी नाही. म्हणून सुरुवातीचा एक परिच्छेद गाळायचा आणि शेवटी आपला एक घालायचा. अकरा प्रमुख झाले, अकरांनीही हेच केलं, त्यात कुणाचा वाईट हेतू नव्हता. पण होता होता विभागाचा इतिहास आता दोन हजार नऊ साली इन्व्हर्टर बसवण्यापासून सुरू होत होता. त्याआधीचं विभागाला काहीच आठवत नव्हतं. दुसऱ्यांच्या स्मृतीवर पेपर काढणाऱ्या विभागाची स्वतःची ही अवस्था! हसावं की रडावं?

शरयूबाईंना मात्र ठाऊक होतं. त्यांच्या आधीचे सहायक वामनराव निवृत्त होताना त्यांना सगळं सांगून गेले होते. चौसष्ट सालापर्यंत मानसशास्त्र म्हणजे तत्त्वज्ञान विभागातला पाचवा पेपर होता. गुरुवारी दुपारी शिकवायचे. मग पहिल्या प्रमुखांनी ठराव करून घेतला आणि एका दुपारी आरशाची पेटी आणि लांब टेबल उचलून ते रस्त्यापलीकडे निघून आले. येताना 'येतो' म्हणालेसुद्धा नाहीत. तिकडचे म्हणाले, कानामागून आली आणि तिखट झाली. इकडचे म्हणाले, आम्ही विज्ञान आहोत, आमचा त्यांच्याशी संबंधच काय? रस्ता जेमतेम तीस फुटांचा. साठ वर्षांत कुणी ओलांडला नाही.

विभागप्रमुख डॉ. हेमांगी टिपणीस यांना शरयूबाईंनी हे सांगितलं, तेव्हा मॅडमनी कपाळाला हात लावला.

"बाई, आपण विज्ञान आहोत हे पटवून देण्यात माझी वीस वर्षं गेली. आता तत्त्वज्ञानाला आई म्हणायचं?"

"मॅडम, माझी आई चुलीवर स्वयंपाक करायची. मी गॅसवर करते. म्हणून ती माझी आई नाही का?"

मॅडमनी खिडकीतून रस्त्यापलीकडे पाहिलं. "जाऊन या," त्या म्हणाल्या. "पण मी पाठवलं म्हणू नका."

मंगळवारी अकरा वाजता शरयूबाईंनी रस्ता ओलांडला. तत्त्वज्ञान विभागाला विद्यापीठात सगळे थोरल्या बाई म्हणत. त्यांच्याकडे आता दोन खोल्या, दोन विद्यार्थी आणि प्रा. विश्वंभर उपळेकर एवढंच उरलं होतं. उपळेकर सर दारातच खुर्ची टाकून बसले होते.

"आत आहेत का हो?" शरयूबाईंनी विचारलं.

"'आत' आणि 'असणं' दोन्ही वादग्रस्त आहेत. पण जा तुम्ही," सर म्हणाले.

शरयूबाईंनी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. थोरल्या बाईंनी मधे एकदाही तोडलं नाही.

"तो स्वतः का नाही आला?" शेवटी त्यांनी विचारलं.

"त्याला ठाऊकच नाही."

"मानसशास्त्र असून?"

"म्हणूनच असेल," शरयूबाई म्हणाल्या.

थोरल्या बाई म्हणाल्या, "कागद दुसऱ्याच्या हाती पाठवला तर सही करणार नाही. त्याला यायला सांग. विचार मी करून ठेवते."

शरयूबाई परत आल्या आणि त्यांनी विभागाला समोर बसवून चौसष्ट सालापासूनचं सगळं सांगितलं. ते ऐकून विभाग सुन्न झाला. त्या दुपारी व्हरांड्यातले पंखे हळू फिरत होते आणि पदविकेच्या मुलींना उगाचच घरची आठवण येत होती.

"मी जाणार नाही," विभाग म्हणाला.

"का?"

"ती नाही म्हणाली तर? मला नकाराची भीती वाटते आहे. ती का वाटते हे मला समजतं आहे, तिला नाव काय तेही मला ठाऊक आहे. पण समजून काडीचा उपयोग होत नाही, बाई. आणि मी साठ वर्षं लोकांना हेच सांगत आलो, की आधी समजून घ्या."

शरयूबाई विभागाला एरवी तुम्ही म्हणत. रागावल्या की अरे-तुरेवर येत. "अरे वा रे वा! लोकांना सांगताना बरं तोंड चालतं तुझं! इथं तू बंद पडायला निघालास, आणि तुला रुसवा सुचतोय? ती माणसं बुधवारी कुठं जातील? शारीरिक शिक्षणवाल्यांकडे? ते सांगतील दोन फेऱ्या मारा मैदानाला!"

शरयूबाईंना त्या रात्री जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी बुधवार. सल्ला केंद्रात विभाग स्वतः बसत असे. साडेदहाला कुसुमबाई आल्या. कुसुमबाईंचं मंडईत भाजीचं दुकान. धाकट्या बहिणीशी त्यांचं अकरा वर्षं बोलणं नव्हतं, आणि ती राहायची दोन गल्ल्या सोडून. तिच्याशी काय बोलायचं, सुरुवात कशी करायची, ती काय म्हणेल, त्यावर आपण काय म्हणायचं, याची तयारी विभाग त्यांच्याकडून सहा बुधवार करून घेत होता. तयारी अजून अर्धीच झाली होती.

"काल जाऊन आले," कुसुमबाई बसता बसताच म्हणाल्या.

"काल? पण आपलं तिसरं प्रकरण राहिलं होतं," विभाग म्हणाला.

"राहिलं तर राहिलं. भेंडी शिल्लक होती, म्हटलं द्यावी तिला."

"मग काय बोललात?"

"पाठ केलेलं सगळं विसरले बघा. म्हटलं, भेंडी घे. ती म्हणाली, कोवळी आहे का? मी म्हटलं, मोडून बघ. मग बसलो दोघी निवडत." कुसुमबाई पदरानं डोळे पुसत हसायला लागल्या. "पुढच्या बुधवारी नाही जमायचं आता. तिच्याकडे डोहाळजेवण आहे."

त्या गेल्यावर विभागानं तिसऱ्या प्रकरणाचे कागद मिटून ठेवले. शरयूबाई पुढचं नाव पुकारायला आल्या तेव्हा त्यानं विचारलं, "बाई, शुक्रवारी तुम्ही याल बरोबर?"

शुक्रवारी तीन वाजता विभाग निघाला. तो गेल्यावर मागे विभाग नव्हता, नुसती इमारत होती, त्यामुळे तेवढ्या वेळापुरती भूगोलवाल्यांना लक्ष ठेवायला सांगितलं होतं. फाटकावर सुरक्षारक्षकानं हटकलं.

"कुठं नेताय यांना?"

"आईकडे," शरयूबाई म्हणाल्या.

"परत आणणार?"

"पाचच्या आत."

त्यानं वहीत तसं लिहून घेतलं आणि रस्त्यावरची रहदारी थांबवली. एक रिक्षा, दोन स्कूटर आणि गवताची एक बैलगाडी थांबून राहिली. विभाग सावकाश पलीकडे गेला.

थोरल्या बाईंनी त्याला आधी नीट बघून घेतलं. "जेवलास का?" त्यांनी विचारलं.

"डबा खाल्ला."

"बस."

विभाग बसला. उपळेकर सरांनी अर्ज टेबलावर ठेवला, पेनाचं टोपण काढलं आणि ते उभे राहिले. घड्याळात सव्वातीन झाले होते. शरयूबाईंना वाटलं, झालं आता, पाच मिनिटांचं काम.

पण बाई तत्त्वज्ञानाच्या. त्या म्हणाल्या, "सहीला माझी ना नाही. पण एक अडचण आहे. गेला तो पाचवा पेपर होता. शिकवणारे एक, विद्यार्थी सात, गुरुवारचा दीड तास. तू आलास तो अकरा प्रमुखांचा, तीन अभ्यासक्रमांचा आणि इन्व्हर्टरचा. तुझ्यातला एक माणूस तेव्हाचा नाही, एक पुस्तक तेव्हाचं नाही. मग गेलेला आणि आलेला एकच, हे कशावरून?"

"लांब टेबल तेच आहे," शरयूबाई घाईनं म्हणाल्या.

"त्याचे पाय बदललेत," विभाग हळूच म्हणाला. "आणि एकोणऐंशी साली फळी. सामानाच्या नोंदवहीत आहे."

शरयूबाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की एखाद्यानं तिथंच जीभ चावली असती. पण खोटं बोलायचं नाही, ही त्याची सवय.

मग त्यावर चर्चा सुरू झाली. साडेतीन झाले. आठवण नसलेल्याला मूल म्हणता येईल का, यावर उपळेकर सरांनी दोन बाजू मांडल्या. चार वाजले. जन्म देणं म्हणजे बाहेर जाऊ देणं की बाहेर गेल्यावरही वाट बघणं, असा फाटा फुटला. सव्वाचार. आपली सगळी उमेद या दोन शहाण्यांच्या बोलण्यात पाण्यात चालली आहे, असं त्यांना वाटलं आणि त्यांना भयंकर राग आला, आणि रागाबरोबर रडूही आलं. पावणेपाचला त्या एकदम म्हणाल्या, "अहो, तिकडे पाच वाजता खिडकी बंद होते! एवढं काय ठरवायचं असतं त्यात?"

उपळेकर सरांनी घड्याळाकडे पाहिलं.

"बाईंचं बरोबर आहे," विभाग म्हणाला. "माझ्याकडे पुरावा नाही. मी तोच आहे असं मला सिद्ध करता येत नाही. मंगळवारपर्यंत तुम्ही माझ्या कुणी आहात हेसुद्धा मला ठाऊक नव्हतं. पण मंगळवारपासून एक गोष्ट आहे. तीस फुटांवर होतात आणि मी आलो नाही, याचं मला वाईट वाटतंय. खूप वाईट वाटतंय. बाकी काही नाही."

"एवढ्यावर निष्कर्ष काढता येतो?" थोरल्या बाईंनी विचारलं.

"आमच्याकडे बुधवारी एवढ्यावरच काम चालतं."

थोरल्या बाईंचा आवाज बदलला. "माझ्यातून एकटा तूच नाही गेलास रे. अर्थशास्त्र गेलं, राज्यशास्त्र गेलं, समाजशास्त्र तर अजून नीट चालतही नव्हतं तेव्हा गेलं. सगळ्यांची आता मोठमोठी घरं झाली. जावंच मुलांनी, त्याचं मला काही नाही. पण दार मी कधी लावलं नाही. उपळेकर इथं खुर्ची टाकून कशाला बसतात, असं वाटलं तुम्हाला?"

उपळेकर सर दुसरीकडे बघू लागले.

"आण तो कागद. आणि मला तुम्ही म्हणू नकोस," थोरल्या बाई म्हणाल्या, आणि त्यांनी सही केली. सही करताना रकान्यात 'आई' या शब्दापुढे 'तात्पुरत्या व्याख्येनुसार' असं लिहायला त्या निघाल्या होत्या. सरांनी हात धरला.

पाचला सात मिनिटं कमी होती. शरयूबाईंनी अर्ज हिसकला म्हणा ना, आणि वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी त्या साडी वर खोचून धावल्या. विभाग त्यांच्या मागोमाग धावत होता. मुख्य इमारतीच्या पायऱ्यांवर डॉ. टिपणीस मॅडम आधीच येऊन उभ्या होत्या आणि शिपायाला "दोन मिनिटं, दोनच मिनिटं" म्हणून दार लावू देत नव्हत्या.

गवंडींनी अर्ज हातात घेतला. सही उजेडात धरून पाहिली. शिक्का पाहिला.

"आईचं नाव? तोंडी सांगावं लागतं."

"तत्त्वज्ञान विभाग," विभाग म्हणाला. तो धापा टाकत होता. "रस्त्यापलीकडे. दोन खोल्या."

गवंडींनी नाव टंकलं. संगणकानं थोडा विचार केला आणि ते घेतलं. "हजेरी क्रमांक एकतीस," ते म्हणाले. "तास एक जुलैपासून, साडेदहाला. पंच्याहत्तर टक्के हजेरी लागते, घरचं कारण चालत नाही. पावती घ्या."

टिपणीस मॅडमनी पावती दोनदा वाचली आणि मग त्यांनी सगळ्यांच्या देखत शरयूबाईंना मिठी मारली. शरयूबाई म्हणाल्या, "अहो मॅडम, घामेजले आहे मी," पण त्यांनी स्वतःला सोडवून घेतलं नाही.

खिडकीवरचं घड्याळ पाचला टेकलं होतं. रांगेत मागे एकटा अर्थशास्त्र विभाग उभा होता. चांगला जाडजूड, हातात फाईल, अर्ज सुबक अक्षरात भरलेला. एकच रकाना कोरा होता.

"तुम्हाला सोमवारपर्यंत देतो," गवंडी त्याला म्हणाले. "तुमच्या विभागाची मुदत वेगळी आहे."

अर्थशास्त्र विभाग जागचा हलला नाही. त्यानं घसा साफ केला आणि मानसशास्त्र विभागाला हळूच विचारलं, "घरी असते का ती?"

"असते," मानसशास्त्र विभाग म्हणाला. "पण हाताशी वेळ ठेवून जा. लवकर उठू देत नाही."

अर्थशास्त्र विभागानं फाईल बगलेत मारली आणि तो त्याच पावली रस्त्याकडे निघाला.